टीव्ही रेकॉर्ड करायचाय? आधी वीज घालवून बघा

 

मागच्या आठवड्यात अकोल्याहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. मागे कुकरची शिट्टी वाजते आहे आणि ताई विचारतात, "दादा, दूरदर्शनवाले आमच्या बाबांची शेतीवरची मुलाखत घेऊन गेले. लागेल त्या दिवशी घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची आहे. कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" पंधरा सेकंदांचा प्रश्न. मी उत्तर टाइप करायला घेतलं, तीनदा खोडलं, आणि शेवटी म्हटलं, यावर भागच करू.

कारण याच प्रश्नाचं उत्तर मी चौदा वर्षांचा असताना एकदा दिलं होतं आणि ते चुकलं होतं. तर आधी ते सांगतो.

२०११. मूर्तिजापूर. आमचे आबाजी भजन मंडळात खंजिरी वाजवायचे. तुकडोजी महाराजांची खंजिरी म्हणजे आमच्या भागात काय आहे हे अमरावती-अकोल्याच्या मंडळींना सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी एकदा ऐकून बघा. आबाजी दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीला जायचे, ते कधी चुकलं नाही. त्या वर्षी त्यांच्या मंडळाला नागपूरला बोलावलं, तिथे रेकॉर्डिंग झालं, आणि कार्यक्रम सह्याद्रीवर लागणार म्हणून निरोप आला. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. आख्ख्या गल्लीला माहीत.

घरात कॉम्प्युटर होता. ८० जीबीची हार्ड डिस्क, आणि अकोल्याहून आणलेलं सेकंडहँड टीव्ही ट्यूनर कार्ड. तेव्हा केबल अ‍ॅनालॉग होती, म्हणजे केबलवाल्याची वायर सरळ कार्डात खुपसली की टीव्ही सुरू, बॉक्सबिक्स काही नाही. कार्डासोबतच्या सीडीतलं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच दळभद्री होतं, राखाडी खिडकी आणि चार बटणं. ते एमपीईजी-२ मध्ये रेकॉर्ड करायचं आणि फाईल मोठी व्हायची. मी ते काढून टाकलं. दुसरं एक डाउनलोड केलं, काळं चकाचक, काचेसारखी बटणं, आणि ते एव्हीआय फाईल बनवायचं, निम्म्या जागेत. चौदाव्या वर्षी सॉफ्टवेअर निवडायचे माझे निकष हे दोनच: दिसतं कसं आणि जागा किती खातं.

संध्याकाळी घर भरलं होतं. बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर आबाजी, शेजारचे, मंडळातले दोघं-तिघं. आतल्या खोलीत मी, लाल ठिपक्यावर नजर ठेवून. बाविसाव्या मिनिटाला लाइन गेली. भारनियमनाचे दिवस होते, कोणाला त्यात नवल वाटलं नाही. यूपीएस होतं, पण त्याची बॅटरी कधीच मेली होती. एकदा "टुं" केलं आणि संपलं. अंधारात आबाजी आत आले.

"टेप झालं काय रे बाबू?"

"झालं आबाजी. थोडं राह्यलं फक्त."

लाइन आल्यावर बघितलं तर फाईल होती. अडीचशे एमबीच्या आसपास. क्लिक केलं की एरर, फाईल उघडता येत नाही. तीन-चार दिवस खटपट केली, सायबर कॅफेवाल्या दादाला विचारलं, तो म्हणाला, "गेली ते." आबाजींनी दोन-तीनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. दिवाळीच्या सुट्टीत एका गेमसाठी जागा हवी होती, तेव्हा मी ती फाईल शिफ्ट-डिलीट केली.

आबाजी २०१६ मध्ये गेले. त्यांचं वाजवणं आता कुठेच नाही. एका लग्नाच्या सीडीत चार सेकंद दिसतात, तेही बँडच्या आवाजात.

२०१८ मध्ये मी अमरावतीला बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो. होस्टेलवर मित्राने अर्धवट डाउनलोड झालेला एक पिच्चर व्हीएलसीमध्ये टाकला. एव्हीआय फाईल. व्हीएलसीने एक छोटी खिडकी दाखवली: फाईलची सूची सापडत नाही, दुरुस्त करू का? त्याने "हो" दाबलं. थोडा वेळ पट्टी सरकली आणि पिच्चर सुरू. पोट्टे पिच्चर बघायला बसले. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

काय झालं होतं ते आता सांगतो, कारण सॉफ्टवेअर निवडायचं सगळं गणित इथेच आहे.

एव्हीआय फाईल ही अशी वही आहे की जिची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते, आणि ती लिहिली जाते सगळ्यात शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर. मध्येच वीज गेली तर पानं सगळी आहेत, अनुक्रमणिका नाही. बरेच प्लेअर अनुक्रमणिका नाही म्हणून वही उघडतच नाहीत. पण पानं होती! बावीस मिनिटं होती त्यात. व्हीएलसीसारखं काहीतरी ती पानं मोजून अनुक्रमणिका परत बनवू शकलं असतं. नेहमीच्या एमपी४ फाईलचा तर याहून वाईट प्रकार आहे. चित्र कुठे आहे, आवाज कुठे आहे, कोणत्या पद्धतीने बांधला आहे, ही सगळी माहिती बहुतेक वेळा शेवटीच लिहिली जाते. ती नसेल तर दुरुस्तीही कठीण.

आता टीव्हीचा सिग्नल मुळात येतो कसा? डिशवरून किंवा केबलवरून जे येतं त्याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणतात. १८८ बाइटचे छोटे-छोटे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर स्वतःचा शिक्का. हे बांधलंच आहे अशा हिशोबाने की मधले तुकडे हरवणार. पाऊस येणार, डिश हलणार, बघणारा कार्यक्रमाच्या मध्येच टीव्ही लावणार, तरी चित्र दिसायला पाहिजे. भिंतीवरचं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं ना, तसं. अर्धं फाटलं तरी उरलेल्या प्रत्येक पानावर तारीख आहे. तो सिग्नल जसा आला तसाच फाईलमध्ये ओतला की टीएस फाईल होते. बाविसाव्या मिनिटाला वीज गेली तर एकवीस मिनिटं आणि वर काही सेकंद तुमच्याकडे राहतात, काही दुरुस्त न करता.

म्हणून ताई, माझा पहिला प्रश्न हा असतो: हे सॉफ्टवेअर आलेला सिग्नल तसाच टीएसमध्ये लिहितं का? आणि दुसरा: उद्या हे सॉफ्टवेअरच राहिलं नाही, तर फाईल ओळखू येईल का आणि उघडेल का?

दुसरा प्रश्न उगाच नाही. विंडोज मीडिया सेंटर आठवतंय का कोणाला? विंडोज ७ मध्ये फुकट यायचं, वापरायला खरंच सुंदर होतं, टीव्ही रेकॉर्डिंगसाठी लोक त्यावर जीव टाकायचे. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि मायक्रोसॉफ्टने ते काढून टाकलं. त्याच्या रेकॉर्डिंगचा प्रकार त्याचा स्वतःचा, आणि ज्या कार्यक्रमांवर कॉपी न करण्याचा शिक्का असे ते त्या एकाच मशीनवर चालत. मशीन गेलं की रेकॉर्डिंग गेलं. डीटीएचच्या रेकॉर्डिंगवाल्या बॉक्सचंही सहसा हेच असतं: आतल्या डिस्कवर भरपूर साठतं, पण कुलूप लावून, आणि किल्ली त्या बॉक्सकडेच.

आता आज २०११ सारखी वायर कार्डात खुपसता येत नाही. २०१६-१७ च्या सुमारास केबलचं डिजिटायझेशन आपल्याकडे पोचलं, सगळं सेट टॉप बॉक्समागे गेलं. छतावरच्या अँटेनाचा विचार सोडा. दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर जवळपास सगळे बंद झालेत. उरलं काय? डीडी फ्री डिश. २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली, महिन्याचं भाडं नाही, आणि सह्याद्री त्यावर लागते. जीसॅट-१५ उपग्रह, ९३.५ अंश पूर्व. मूर्तिजापूर-अकोल्याहून बघितलं तर डिश आग्नेयेकडे आणि जमिनीपासून साधारण ६० अंश वर. त्या दिशेला कडुनिंब असेल तर पावसाळ्यात पालवी वाढली की चित्राचे चौकोन होतात, आमच्याकडे झाले. फ्रिक्वेन्सीचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून इथे वाचून दाखवत नाही. चालू बॉक्सच्या मेनूमध्ये बघा, तेच ट्यूनरमध्ये भरायचे.

कॉम्प्युटरला लागतो डीव्हीबी-एस२ ट्यूनर, यूएसबीचा किंवा आत बसणारा. माझ्या यूएसबी ट्यूनरने मला एकदा चांगलंच रडवलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अर्धी चूक माझी. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये मुळात नव्हता, तो वेगळा बांधून टाकायचा होता. रात्री आपोआप अपडेट झालं, कर्नल बदललं, सकाळी ट्यूनर गायब. तेव्हापासून त्या मशीनवर आपोआप अपडेट बंद. घ्यायच्या आधी तुमच्या सिस्टिमवर त्याचा ड्रायव्हर आहे का ते बघा. दुकानदार "सगळीकडे चालतो" म्हणेलच.

आता नावं. सगळ्यात जास्त गोंधळ कोडीचा होतो, तो आधी मिटवतो. कोडी, ज्याचं नाव २०१४ पर्यंत एक्सबीएमसी होतं, तो दाखवणारा आहे. टीव्हीवर सोफ्यावरून रिमोटने बघायला मस्त. पण तो स्वतः डिशचा सिग्नल पकडत नाही आणि रेकॉर्डिंगही करत नाही. त्याच्यामागे एक कामकरी सॉफ्टवेअर लागतं. निवडायचं आहे ते हे मागचं.

मिथटीव्ही या क्षेत्रातलं म्हातारं, २००२ पासूनचं. ताकदवान आहे. मी महिनाभर वापरलं आणि सोडलं, ते एका बारीक गोष्टीमुळे. रेकॉर्डिंग टीएसमध्येच होतं, छान. पण फाईलचं नाव म्हणजे चॅनेलचा क्रमांक आणि तारीख-वेळेची लांबलचक आकड्यांची माळ. कार्यक्रमाचं नाव डेटाबेसमध्ये. डेटाबेस शाबूत आहे तोवर सगळं झकास. तो बिघडला तर तुमच्याकडे तीनशे फाईल आणि एकीवरही काय आहे ते लिहिलेलं नाही. नावाने दुसऱ्या लिंक बनवायची सोय त्यात आहे म्हणा, पण ती लक्षात ठेवून चालवावी लागते. मला आठवलं असतं? मला माझी खात्री नाही.

विंडोज सोडायचं नसेल तर नेक्स्टपीव्हीआर. फुकट आहे, बसवायला सोपं, टीएस लिहितं. कॉलेजच्या मित्राने विचारलं तर मी हेच सांगतो, दहा मिनिटांत सुरू होतं.

मी स्वतः राहिलो टीव्हीहेडएंडवर. लिनक्सवर मागे गुपचूप चालतं, स्वतःची खिडकीच नाही. ब्राउझरमध्ये मशीनचा पत्ता आणि पोर्ट ९९८१ टाकायचं की सगळ्या सेटिंग्ज समोर. म्हणजे मूर्तिजापूरच्या घरातलं मशीन, आणि आई टीव्ही बघते त्याच खोलीत बसून मी मोबाईलवर टायमर लावतो. दिसायला? राखाडी, तक्ते आणि चौकटी. त्या सीडीतल्या सॉफ्टवेअरचा थोरला भाऊ.

त्यात दोन गोष्टी करा. रेकॉर्डिंगच्या प्रोफाइलमध्ये "पास" निवडा, म्हणजे सिग्नल जसा आला तसा टीएसमध्ये जातो. आणि फाईलच्या नावात कार्यक्रमाचं नाव आणि तारीख यायला लावा. आणखी एक मजा आहे. उपग्रहावरून एकाच फ्रिक्वेन्सीवर बरीच चॅनेल एकत्र येतात, त्यामुळे एकाच ट्यूनरवर त्या गठ्ठ्यातली दोन-तीन चॅनेल एकाच वेळी रेकॉर्ड होऊ शकतात. जुन्या एमपीईजी-२ वाल्या चॅनेलचा एक तास सव्वा-दीड जीबीपर्यंत जातो. ८० जीबीच्या काळात ते जड होतं. आज तुमच्या फोनमध्येच त्याहून जास्त जागा आहे.

कार्यक्रमांच्या वेळापत्रकावर विसंबून टायमर लावू नका. सिग्नलसोबत येणारं वेळापत्रक आणि प्रत्यक्ष यात फरक पडतो. महत्त्वाचं असेल तर सरळ घड्याळाने लावा, आधी पंधरा मिनिटं, नंतर अर्धा तास जास्तीचा. नको असलेलं नंतर कापता येतं.

आणि घड्याळावरून आठवलं. घरातला जुना डेस्कटॉप वापरणार असाल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला. तो मेलेला असेल तर वीज जाऊन आल्यावर मशीनचं घड्याळ कुठल्यातरी जुन्या वर्षात जातं, नेट नसेल तर तिथेच राहतं, आणि तुमचा टायमर वाजतच नाही. बायोसमध्ये "वीज आल्यावर आपोआप सुरू हो" अशी एक सेटिंग असते, तीही चालू करा. नाहीतर लाइन पाच मिनिटांत येते आणि मशीन रात्रभर बंद.

त्यापेक्षा जुना लॅपटॉप बरा, असं मला वाटलं होतं. बॅटरी म्हणजे घरचंच यूपीएस! मोठ्या ऐटीत बसवला. पहिल्यांदा लाइन गेली, लॅपटॉप चालू, मी खूश. फाईल बघतो तर त्याच मिनिटाला थांबलेली. का? डिशवरच्या एलएनबीला वीज ट्यूनर देतो, १३ किंवा १८ व्होल्ट, आणि ट्यूनरला वीज त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरमधून, जो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. म्हणजे लॅपटॉप जिवंत आणि डिश मेलेली. (मी अर्धा तास केबल तपासत होतो. इंजिनिअर!) उपाय स्वस्त निघाला: वायफाय राउटरसाठी जे १२ व्होल्टचं छोटं यूपीएस मिळतं, त्यावर ट्यूनर. तुमच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचून मगच घ्या.

हे सगळं जमल्यावर मी एक परीक्षा घेतली, ती तुम्हीही घ्याच. संध्याकाळच्या बातम्या रेकॉर्डिंगला लावल्या, सतरा मिनिटं होऊ दिली, आणि राउटरचं यूपीएस, लॅपटॉपची बॅटरी, सगळं काढून मेन स्विच खाली केला. आजी आतून ओरडली, "काऊन रे लाइन घालवतं? दिवा लावाची वेळ हाय!" स्विच वर केला, मशीन सुरू झालं, फाईल उघडली. सोळा मिनिटं आणि पंचावन्न सेकंद. पाच सेकंद डिस्कवर लिहायचे राहिले होते. आजीला दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "बातम्याच हायेत ना ह्या?" तिला काय सांगणार.

डिस्क मात्र एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ ठेवा, वीज गेल्यावर त्या स्वतःला सावरून घेतात. पेन ड्राइव्हवर फॅट३२ असतं, ते तितकं खंबीर नाही आणि ४ जीबीच्या वर एक फाईल लिहितच नाही.

नंतर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं तर टीएस फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ चालणार नाही. हँडब्रेकमध्ये टाकून एमपी४ बनवा, डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. पण मूळ टीएस ठेवा. एमपी४ ही वाटायची प्रत. आणि घरच्यासाठी ठेवणं वेगळं, आख्खा कार्यक्रम स्वतःच्या चॅनेलवर चढवणं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली सूट खासगी वापरापुरती आहे.

काही जण म्हणतील, यूट्यूबवर येतंच की सगळं, आता प्रसार भारतीचं वेव्ह्जसुद्धा आहे. बरंच येतं. तुमच्या बाबांचा तो अर्धा तास येईलच, आणि आला तर राहीलच, यावर मी विसंबणार नाही.

तर ताई, तुमच्यासाठी सरळ उत्तर. एकाच कार्यक्रमासाठी हा सगळा संसार मांडू नका. यूएसबीवर रेकॉर्डिंग होणारा साधा फ्री डिश बॉक्स आणा, रिकामा पेन ड्राइव्ह लावा, आज रात्री दहा मिनिटं रेकॉर्ड करा, मध्येच बॉक्सची पिन उपसा. तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून व्हीएलसीमध्ये उघडतो का बघा. उघडला तर बॉक्स पास. नाही उघडला किंवा फक्त त्याच बॉक्सवर चालला, तर दुकानात परत द्या. आणि समोर एक मोबाईल स्टँडवर लावून टीव्हीचंच शूटिंग चालू ठेवा. हसू नका. आमच्या घरी २०११ मध्ये कॅमेऱ्याचा एक मोबाईल होता, काकांच्या खिशात, आणि तो बाहेर काढायचं कोणाला सुचलं नाही.

माझ्याकडे एक ट्यूनर जास्तीचा पडून आहे. कार्यक्रमाची तारीख कळली की मेसेज टाका. अमरावती ते अकोला दोन तासांचा रस्ता, रविवार बघून लॅपटॉप आणि ते छोटं यूपीएस घेऊन येतो, दोन्हीकडे लावून ठेवू. बाबांना म्हणावं, चहा पाजा फक्त.